सहीमागचें पत्र

वयाच्या बाराव्या वर्षीं मीं एक अपराध केला. त्या वेळीं तो अपराध आहे असें मला वाटलें नाहीं. घरांतल्या इतर कोणालाही वाटलें नाहीं. आमच्या माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती. आजोबा नोकरीनिमित्त परगांवीं असतांना त्यांनीं १९३० च्या सुमारास वडील बंधूंना लिहिलेलीं पत्रें तींत गठ्ठे बांधून ठेविलेलीं होतीं. मला नुकताच तिकिटें जमविण्याचा नाद लागला होता. पाकिटांवरचीं तिकिटें मीं पाण्यांत भिजवून सोडविलीं. आणि हौस एकदां जडली म्हणजे ती एका वस्तूवर थांबत नाहीं, म्हणून पत्रांखालच्या आजोबांच्या सह्याही कात्रीनें कापून घेतल्या. पत्र बालबोध, पण सही मात्र मोडी, अशी त्यांची रीत होती. त्या वळणदार मोडी सह्या मीं वहींत ओळीनें चिकटविल्या. उरलेले कागद बंबांत गेले.

पुष्कळ वर्षांनीं ती वही पुन्हा हातीं आली, तेव्हां त्यांतली एक सही खळ वाळल्यामुळें आपोआप सुटून पडली. तिच्या मागच्या अंगास तीनच शब्द होते : "धाकटीची प्रकृति अद्याप". अद्याप काय, तें कागदाच्या ज्या भागावर होतें तो भाग मीं बंबांत घातला होता. माझी धाकटी आत्या सातव्या वर्षीं वारली, एवढेंच आम्हांला ठाऊक आहे. तिच्याविषयीं आमच्या घरांत लिहिलेले आज तेवढे तीन शब्द शिल्लक आहेत.

हा घरगुती प्रसंग आरंभींच सांगितला याचें कारण असें, कीं अमेरिकन राज्यक्रांतींतील मुत्सद्द्यांच्या सह्या, पत्रें आणि टपालाचे लखोटे जमविण्याच्या ज्या छंदाविषयीं मी आज बोलणार आहें, त्याच्या इतिहासांत माझ्यासारखीच कात्री चालविणारे लोक अजाण पोर नव्हते. त्यांत नांवाजलेले विद्वान होते.

जॉर्ज वॉशिंग्टन १७९९ च्या डिसेंबरांत वारला. त्याचा प्रचंड कागदसंग्रह त्याचा पुतण्या बुश्रॉड वॉशिंग्टन याच्याकडे आला. पुढें इतिहासकार जेरेड स्पार्क्स यानें ते कागद अभ्यासासाठीं मिळविले आणि १८३४ ते १८३७ या काळांत वॉशिंग्टनचें लेखन बारा खंडांत छापून काढलें. हाच गृहस्थ पुढें हार्वर्ड विद्यापीठाचा अध्यक्ष झाला. त्याच्या हातीं आलेल्या कागदांत एक विलक्षण वस्तु होती. राष्ट्राध्यक्षपद स्वीकारतांना करावयाच्या पहिल्या भाषणाचा एक मसुदा, साठांहून अधिक पानांचा आणि सबंध वॉशिंग्टनच्या हातचा! ३० एप्रिल १७८९ रोजीं न्यूयॉर्क येथें प्रत्यक्षांत वाचलें गेलें तें भाषण निराळें आणि आटोपशीर होतें; हा लांबलचक मसुदा बाजूस पडला होता. स्पार्क्सनें जेम्स मॅडिसनचा सल्ला घेतला. मसुदा छापण्यायोग्य नाहीं असें ठरलें. आणि मग या विद्वानानें काय करावें? वॉशिंग्टनच्या हस्ताक्षराचा नमुना मागणारे स्नेही पुष्कळ होते. त्यांना तो त्या मसुद्याचीं पानें, आणि पानें संपत आलीं तेव्हां पानांच्या पट्ट्या, कापून भेट देऊं लागला. तेव्हांपासून अभ्यासक त्या चिठोऱ्या शोधून एकत्र जुळवीत आहेत. तो मसुदा अद्यापि पूर्ण झालेला नाहीं.

ही भूक कोठून निर्माण झाली? ४ जुलै १७७६ रोजीं फिलाडेल्फिया येथें स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला, आणि त्याच वर्षीं २ ऑगस्टपासून सभासदांनीं त्यावर सह्या केल्या. सह्या करणारे एकूण ५६ जण. बंड फसलें असतें तर ती सही म्हणजे राजद्रोहाचा पुरावा ठरली असती. अर्थात् पुढच्या पिढीला त्या ५६ सह्यांविषयीं भक्ति वाटली, आणि भक्तीच्या पाठोपाठ संग्रह आला. विल्यम स्प्रेग नांवाचा एक तरुण १८१५ च्या सुमारास वॉशिंग्टनच्या आप्तांच्या घरीं शिक्षक होता. त्यानें बुश्रॉड वॉशिंग्टनकडून परवानगी मिळविली, कीं वॉशिंग्टनच्या कागदांतील हवीं तीं पत्रें त्यानें घ्यावीं. अट इतकीच, कीं घेतलेल्या प्रत्येक पत्राच्या जागीं त्याची नक्कल ठेवावी. अशा रीतीनें त्यानें सुमारें १,५०० पत्रें उचललीं. हाच स्प्रेग पुढें धर्मोपदेशक झाला, आणि ५६ जणांच्या हस्ताक्षरांचा संपूर्ण संच प्रथम त्यानेंच पुरा केला, असें मानतात.

आपल्याकडील श्रोत्यांना सहीची ही महती थोडी नवलाची वाटेल. पेशवाईंतील पत्रांवर अशी नांवाची सही सहसा आढळत नाहीं. पत्राचा खरेपणा शिक्क्यानें आणि मोर्तबानें सिद्ध होई, आणि पत्र बहुधा कारकुनाच्या हातचें असे. यामुळें इतिहासाचार्य राजवाडे यांच्यासारखे संशोधक गांवोगांवचीं दप्तरें धुंडीत हिंडले, तेव्हां त्यांचें लक्ष कोणी लिहिलें यापेक्षां काय लिहिलें याकडे अधिक होतें. १८९८ सालीं त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें' या ग्रंथमालेचा पहिला खंड निघाला, त्यांत सह्यांचा संच नव्हता, मजकुराची रास होती. अमेरिकेंत मात्र नांव आधीं आणि मजकूर मागाहून, असा प्रकार पुष्कळ वर्षें चालला.

त्याचा एक गमतीदार परिणाम पाहा. वॉशिंग्टन, जेफर्सन, फ्रँकलिन यांनीं आयुष्यभर पत्रें लिहिलीं. एकट्या जेफर्सनच्या पत्रांचीच संख्या एकोणीस हजारांच्या घरांत सांगतात. म्हणून त्यांचें हस्ताक्षर मिळणें महाग असलें तरी अशक्य नाहीं. परंतु ५६ चा संच पुरा करावयाचा तर जॉर्जिया प्रांताचा प्रतिनिधि बटन ग्विनेट याची सही पाहिजे. हा मूळचा इंग्लंडांतला व्यापारी. धंद्यांत त्यास फारसें यश आलें नाहीं. राजकारणांत तो पुढें आला आणि मे १७७७ मध्यें लॅकलन मॅकिंटॉश या सेनाधिकाऱ्याशीं झालेल्या द्वंद्वयुद्धांत जखमी होऊन मरण पावला. जाहीरनाम्यानंतर त्यास वर्षभराचेंही आयुष्य लाभलें नाहीं. त्याच्या सह्या पन्नासाच्या आसपासच उरल्या आहेत, आणि त्यांतल्या कांहीं देण्याघेण्याच्या रुक्ष कागदांवर आहेत. १९२७ सालीं न्यूयॉर्कच्या लिलावांत त्याची सही असलेलें एक पत्र ५१,००० डॉलरांस गेलें. २०१० सालीं त्याच शहरांत त्याची एक सही ७,२२,५०० डॉलरांस विकली गेली. ज्या माणसाला हयातींत आपलें देणें फेडण्याची विवंचना होती, त्याची नुसती सही आज एका जहागिरीच्या मोलाची झाली आहे!

दक्षिण कॅरोलायनाचा टॉमस लिंच हाही असाच. प्रकृति खालावल्यामुळें हवापालटासाठीं तो १७७९ च्या अखेरीस पत्नीसह जहाजानें निघाला आणि तें जहाज पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडलें नाहीं. त्याची पत्रें जवळजवळ नाहींतच. परंतु आपल्या ग्रंथसंग्रहांतल्या पुस्तकांवर नांव घालण्याची त्यास संवय होती. तेव्हां संग्राहकांनीं पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरचीं तीं नांवें कापून घेतलीं. आज लिंचच्या म्हणून ज्या सह्या दाखविल्या जातात, त्यांतल्या कित्येक अशा कापलेल्या चिठोऱ्या आहेत. तो काय वाचीत होता हें सांगणारें पुस्तक बिचारें मुखाविना उरलें.

या व्यवहारांत वस्तूचे साधारणपणें चार दर्जे मानतात. पत्र आरंभापासून अखेरपर्यंत स्वतःच्या हातचें आणि खालीं सही, हा पहिला. चिटणिसानें लिहिलेलें आणि धन्यानें सही केलेलें, हा दुसरा. सनद, हुकूम, वरात अशा सरकारी कागदावरची सही, हा तिसरा. आणि नुसती कापलेली सही, हा अखेरचा. वॉशिंग्टनच्या युद्धकाळांतील पुष्कळ पत्रें टेंच टिलघमन, अलेक्झांडर हॅमिल्टन अशा चिटणिसांच्या अक्षरांत आहेत. व्यापारी दृष्टीनें हीं पत्रें दुय्यम. परंतु एका कागदावर विचार सेनापतीचा आणि हात पुढें राष्ट्राचा अर्थमंत्री झालेल्या तरुणाचा, ही गोष्ट जाणत्यास कमी मोलाची वाटणार नाहीं. शिवाय मजकुराचें मोल निराळेंच. शेतावरच्या बैलांविषयींचें पत्र आणि हिवाळ्यांत उपाशी सैन्याविषयींचें पत्र यांची सही सारखीच असली तरी पत्रें सारखीं नव्हत.

आतां लखोट्यांकडे वळूं. त्या काळीं पत्रास निराळें पाकीट बहुधा नसे. टपालाचा आकार अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे. पाकीट घातलें तर तो एक जादा कागद मोजला जाई. म्हणून लिहिलेला तावच दुमडावयाचा, त्याच्या कोऱ्या अंगावर पत्ता घालावयाचा आणि लाखेनें मोहोरबंद करावयाचें. तिकीट तर नव्हतेंच; तें इंग्लंडांत १८४० सालीं आणि अमेरिकेंत १८४७ सालीं आलें. टपालखर्च बहुतेक वेळां पत्र घेणारा देई. परंतु काँग्रेसच्या सभासदांस आणि अधिकाऱ्यांस आपली पत्रें मोफत धाडण्याचा हक्क होता. पत्त्याच्या अंगावर 'फ्री' हा शब्द लिहून त्यांनीं आपली सही करावयाची, कीं पत्र विनामूल्य गेलें. अर्थात् अशा लखोट्यावर सही, पत्ता, टपालाचा शिक्का आणि लाखेची मोहोर हीं सारीं एकाच कागदावर भेटतात.

बेंजामिन फ्रँकलिनच्या लखोट्यांची कथा या संबंधांत प्रसिद्ध आहे. तो १७५३ पासून वसाहतींतील टपालखात्याचा राजनियुक्त अधिकारी होता. १७७४ च्या जानेवारींत इंग्रज सरकारनें त्यास बडतर्फ केलें; आणि २६ जुलै १७७५ रोजीं वसाहतींच्या काँग्रेसनें त्यालाच आपला पहिला पोस्टमास्टर जनरल नेमलें. पूर्वीं तो 'फ्री, बी. फ्रँकलिन' अशी सही करी. पुढें तो 'बी. फ्री फ्रँकलिन' असें लिहूं लागला. इंग्रजींत 'फ्री' म्हणजे मोफत आणि 'फ्री' म्हणजे स्वतंत्रही. एका शब्दाची जागा बदलून या मिस्किल मुत्सद्द्यानें 'स्वतंत्र हो' असा संदेश पत्त्याबरोबर गांवोगांव धाडला, असा त्याचा अर्थ लावतात. ज्यानें असा लखोटा कापून केवळ सहीची पट्टी ठेवली, त्याच्या हातीं नांव राहिलें. पण पत्र कोणास, कोठें, कोणत्या दिवशीं गेलें तें सारें नाहींसें झालें.

दुसरा लखोटा एका विधवेचा. वॉशिंग्टनच्या मृत्यूनंतर काँग्रेसनें एप्रिल १८०० मध्यें मार्था वॉशिंग्टनला आजन्म मोफत टपालाचा हक्क दिला. तिच्या सहीचे लखोटे अत्यंत दुर्मिळ आहेत. परंतु याच बाईनें पतीनें आपल्याला लिहिलेलीं पत्रें जाळून टाकलीं, असें सांगतात. सेनापतिपद मिळाल्यावर जून १७७५ मध्यें वॉशिंग्टननें तिला लिहिलेलीं दोन पत्रें मात्र पुढें तिच्या नातीला एका मेजाच्या खणांत सांपडलीं. मार्थानें जें केलें त्यास मी दोष देणार नाहीं. पत्रें तिचीं होतीं. माझ्या हातचीं पत्रें माझीं नव्हतीं, एवढाच काय तो फरक.

जेथें किंमत आहे तेथें लबाडी आलीच. फिलाडेल्फियाचा पुस्तकविक्रेता रॉबर्ट स्प्रिंग यानें वॉशिंग्टनच्या हातचे म्हणून सैन्याच्या हद्दींतून जाण्याचे परवाने आणि बँकेवरचे चेक मोठ्या प्रमाणांत तयार केले. जुन्या पुस्तकांचीं कोरीं पानें तो कागद म्हणून वापरी. तो पकडला गेला, आणि १८७६ सालीं दारिद्र्यांत मेला. आतां त्याचे बनावट कागदही 'स्प्रिंगच्या हातचे' म्हणून जमविले जातात! खऱ्याखोट्याची पारख करणारा प्रथम कागद उजेडासमोर धरतो. त्या काळचा कागद चिंध्यांच्या लगद्याचा. त्यांत साच्याच्या तारांच्या रेघा आणि कारखान्याचें जलचिन्ह दिसतें. लाकडाच्या लगद्याचा कागद एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत रूढ झाला. त्यावर वॉशिंग्टन लिहूं शकत नाहीं. शाई माजूफळ आणि हिराकस यांची. ती कालांतरानें तांबूस होते. लेखणी पिसाची, पोलादी टाक पुढचा. आणि शेवटीं हात. खरा लिहिणारा मजकुराच्या भरांत लिहितो, नकल्या अक्षर काढीत बसतो. त्याची रेघ जागोजाग थबकते.

परंतु कागद खरा ठरला म्हणून तो आपल्या मालकीचा ठरत नाहीं. २१ जुलै १७८० रोजीं हॅमिल्टननें लाफायेतला, ऱ्होड आयलंडमधील फ्रेंच सैन्यावर इंग्रज चालून येत आहेत, असें कळविणारें पत्र लिहिलें. तें मॅसॅच्युसेट्सच्या सरकारी दप्तरांत होतें. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तें तेथून चोरीस गेलें, आणि २०१८ सालीं लिलावासाठीं आलें असतां उजेडांत आलें. ज्या कुटुंबाकडे तें होतें त्यांच्या पूर्वजानें तें विकत घेतलेलें होतें. तरीही न्यायालयानें तें राज्याच्या दप्तरांत परत देवविलें. २०२१ सालीं वरिष्ठ न्यायालयानेंही तोच निकाल कायम केला. पत्र कोणाकडून कोणाकडे आलें याची अखंड सांखळी सांगतां येणें हें सहीइतकेंच महत्त्वाचें आहे, हें या खटल्यानें सर्वांस पटविलें.

इतकें ऐकून संग्राहक म्हणजे इतिहासाचे शत्रु, असा कोणाचा समज होईल तर तो मात्र अन्यायाचा होईल. न्यूयॉर्कचे डॉक्टर टॉमस ॲडिस एमेट यांनीं जन्मभर जमविलेला क्रांतिकालीन पत्रांचा संग्रह १८९६ सालीं लेनॉक्स ग्रंथालयास मिळाला आणि आज तो न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयांत सर्वांस खुला आहे. कोणाच्या अडगळींत कुजून गेले असते असे कागद अशा लोकांनीं पैसा मोजून वांचविले. १९६८ सालीं व्हर्जिनिया विद्यापीठांत वॉशिंग्टनचे सर्व कागद संपादून छापण्याचें काम सुरू झालें, तेव्हां ग्रंथालयांप्रमाणेंच खासगी संग्राहकांकडूनही नकला मागविण्यांत आल्या. २०१३ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय दप्तरखान्यानें वॉशिंग्टन, फ्रँकलिन, ॲडम्स, जेफर्सन, हॅमिल्टन, मॅडिसन या सर्वांच्या पत्रांचा मजकूर संगणकावर विनामूल्य वाचावयास ठेविला. स्प्रेगनें दूरवर वाटून टाकलेल्या पत्रांसारखीं विखुरलेलीं पत्रें अशा उद्योगामुळें पुन्हा एकमेकांशेजारीं येतात. ज्यानें पत्र सबंध ठेवलें, मग तें कोणत्याही हेतूनें ठेवलेलें असो, त्याचें पत्र या मेळ्यांत सामील झालें. ज्यानें कापलें, त्याची चिठोरी एका नांवापलीकडे कांहीं सांगूं शकत नाहीं.

ॲडम्स आणि जेफर्सन या दोघांचें राजकारणांत वितुष्ट आलें होतें. १८१२ सालीं त्यांच्यांत पुन्हा पत्रव्यवहार सुरू झाला आणि तो मृत्यूपर्यंत चालला. दोघेही ४ जुलै १८२६ रोजीं, जाहीरनाम्यास बरोबर पन्नास वर्षें झालीं त्या दिवशीं, वारले. जेफर्सन आपल्या पत्राची नक्कल स्वतःजवळ ठेवी. त्यासाठीं त्यानें दोन लेखण्यांचें एक यंत्र वापरलें, एक लेखणी लिही आणि दुसरी तिच्याबरोबर तेंच गिरवी. दोन म्हाताऱ्यांचा तो संवाद आज आपल्याला सबंध वाचतां येतो, कारण दोन्ही घरांनीं कागद जपले. त्यांच्या नुसत्या सह्या उरल्या असत्या तर त्यांची मैत्री पुन्हा कशी जुळली हें कोणास कळलें असतें?

आपल्या घरीं जेफर्सनचें पत्र असण्याचा संभव नाहीं. परंतु आजोबांचें, आजीचें, परगांवच्या काकांचें पत्र बहुतेकांच्या घरीं असेल. तें पाकिटांतून निराळें करूं नका. तारखेचा शिक्का पाकिटावरच असतो. चिकटपट्टी लावूं नका. ती कागद पिवळा करते. तिकीट सुटें करूं नका, सही तर मुळींच कापूं नका. पत्र कोणाचें, कोणास, घरीं कसें आलें, हें ठाऊक असणारें माणूस हयात आहे तोंवर त्यास विचारून एका निराळ्या कागदावर शिसपेन्सिलीनें लिहून ठेवा, आणि तो कागद पत्राशेजारीं ठेवा. या कामास पैसा लागत नाहीं, एक निवांत दुपार पुरते.

माझी ती वही अजून माझ्याजवळ आहे. सुटलेली सही मीं पुन्हा चिकटविली नाहीं. ती पालथी ठेवली आहे, म्हणजे मोडी अक्षरें खालीं राहतात आणि ते तीन शब्द वर दिसतात. आजोबा वडील बंधूंना आपल्या लेकीविषयीं कांहीं सांगत होते. ते काय सांगत होते, हें ऐकणारा आतां कोणी उरला नाहीं. आणि सांगणाऱ्याला मधेंच थांबविणारा मीच होतों.